लाभांश हातात घ्यायचा की पुन्हा शेअरमध्येच घालायचा? नव्या गुंतवणूकदारासाठी पायरी-पायरीने

शेअर घेताना आपण दहा गोष्टी तपासतो. त्यावर मिळणाऱ्या लाभांशाचे, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते त्या रकमेचे, पुढे काय होते, हे मात्र अनेकांनी कधी पाहिलेलेच नसते. कुणाच्या बँक खात्यात तो येऊन पडतो आणि महिन्याच्या खर्चात जिरतो. कुणाच्या खात्यात सुरुवातीपासूनच ‘पुनर्गुंतवणूक’वर खूण असते आणि शेअरची संख्या आपोआप थोडीथोडी वाढत राहते. निर्णय दोन्हीकडे झालेला आहे, पण तो कुणी विचार करून घेतलेला नाही.

मी स्वतः काही शेअरवर रोख घेतो, काहींवर पुनर्गुंतवणूक चालू ठेवतो आणि दरवर्षी एकदा ही यादी पुन्हा तपासतो. ‘पुनर्गुंतवणूक केव्हाही चांगली’ हे मला पटत नाही. ‘हातात पडला तोच खरा पैसा’ हेही पटत नाही. का, ते ओघात येईलच.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवे

- डीमॅट किंवा ब्रोकर खात्याचा ताजा उतारा, सर्व शेअरच्या संख्येसह
- ज्या बँक खात्यात लाभांश जमा होतो त्याचा गेल्या वर्षभराचा उतारा
- प्रत्येक खरेदीची तारीख, संख्या आणि दर (ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराच्या पावत्या, जपल्या असतील तर काम सोपे)
- ब्रोकरचे दरपत्रक
- गेल्या वर्षीचे विवरणपत्र आणि लाभांशातून कापलेल्या कराची नोंद
- एक साधी स्प्रेडशीट

१. लाभांशाच्या दिवशी नेमके काय घडते ते समजून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे गेलात तर पुढचे सगळे हिशेब चुकतात, म्हणून इथे थोडे थांबू.

समजा शेअरचा भाव १०० आहे आणि कंपनीने शेअरमागे ४ लाभांश जाहीर केला. इथे चार तारखा येतात: घोषणेची तारीख, एक्स-डेट, रेकॉर्ड डेट (त्या दिवशी भागधारकांच्या यादीत नाव असेल त्यालाच लाभांश) आणि पैसे जमा होण्याची तारीख. तुमच्या दृष्टीने कळीची तारीख एक्स-डेट. त्या दिवशी किंवा नंतर खरेदी केली तर हा लाभांश तुम्हाला मिळत नाही, विकणाऱ्याला मिळतो. जिथे व्यवहार दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो, तिथे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट सहसा एकाच दिवशी येतात. भारतात २०२३ च्या जानेवारीपासून आणि अमेरिकेत २०२४ च्या मेपासून असेच आहे. जिथे अजून दोन दिवस लागतात, तिथे एक्स-डेट एक दिवस आधी असते.

एक्स-डेटला बाजार उघडतो तेव्हा भाव साधारण लाभांशाइतका उतरतो. १०० चा शेअर ९६ च्या आसपास येतो. बाजाराची इतर चढउतार त्यात मिसळल्याने ही घट नेहमी स्वच्छ दिसत नाही, पण ती असते. कंपनीच्या तिजोरीतून पैसे बाहेर पडले, तर कंपनीची किंमत तेवढी कमी होणारच. काल तुमच्याकडे १०० होते. आज ९६ चा शेअर आणि ४ रोख आहेत.

मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये हेच काटेकोरपणे मांडले. कर नाही, दलाली नाही आणि कंपनीची गुंतवणुकीची धोरणे ठरलेली आहेत, अशा बाजारात लाभांश दिल्याने किंवा न दिल्याने भागधारकाच्या संपत्तीत फरक पडत नाही. खऱ्या जगात कर आहे, दलाली आहे आणि माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो या तिघांभोवतीच फिरतो.

आता ते ४ पुन्हा ९६ च्या भावाने त्याच शेअरमध्ये घातले, तर शेअरचा चोविसावा हिस्सा वाढतो आणि एकूण किंमत पुन्हा १०० होते. पुनर्गुंतवणुकीतून ‘फुकट शेअर’ मिळतात अशी समजूत पुष्कळांची असते. ते शेअर तुम्ही स्वतःच्याच पैशाने, बाजारभावाने घेतलेले असतात.

सापळा: लाभांशासाठी एक्स-डेटच्या आदल्या दिवशी शेअर घेणे. आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात आणि वर त्यावर कर भरावा लागतो. सॅम्युअल हार्ट्झमार्क आणि डेव्हिड सोलोमन यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले: अनेक गुंतवणूकदार भावातला फायदा आणि लाभांश या दोन स्वतंत्र मिळकती समजतात आणि लाभांशामुळे भाव उतरतो हे हिशेबातच धरत नाहीत.

२. तुमच्या खात्यावर सध्या काय चालू आहे ते शोधा

सगळीकडे एकच सोय नसते. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

ब्रोकरची पुनर्गुंतवणूक: लाभांश जमा झाला की ब्रोकर त्यातून तोच शेअर बाजारातून घेतो, अगदी अपूर्णांकातही. अमेरिकेत हे सर्रास चालते. संपूर्ण खात्यासाठी किंवा शेअरनिहाय ही सोय चालू-बंद करता येते.

कंपनीची योजना: कंपनीच्या वतीने, भागधारकांची यादी सांभाळणारी नोंदणी संस्था ती चालवते. काही कंपन्या, विशेषतः ऑस्ट्रेलियात, या योजनेतले नवे शेअर बाजारभावापेक्षा थोड्या सवलतीत देतात. सवलत असेल तर गणित पुनर्गुंतवणुकीकडे झुकते.

स्क्रिप लाभांश: ब्रिटनमध्ये हा प्रकार आढळतो. रोख रकमेऐवजी कंपनी नवेच शेअर काढून देते. बाकीच्यांनी शेअर घेतले आणि तुम्ही रोख घेतली, तर कंपनीतला तुमचा टक्का किंचित घसरतो. निवड कळवण्याची मुदत असते आणि ती चुकली की सहसा रोखच मिळते.

हाताने पुनर्गुंतवणूक: भारतातल्या कंपन्यांचा लाभांश डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात थेट येतो, ब्रोकरकडे येतच नाही. शेअर बाजारात अपूर्णांकातले शेअरही मिळत नाहीत. त्यामुळे पुनर्गुंतवणूक करायची तर पैसे स्वतः ब्रोकरकडे वळवून खरेदी करावी लागते. म्युच्युअल फंडात मात्र वाटप आणि पुनर्गुंतवणूक असे पर्याय असतात. तिथे ‘डिव्हिडंड’ पर्यायाचे नाव १ एप्रिल २०२१ पासून बदलून घ्यायला लावले गेले, कारण वाटलेल्या रकमेत तुमचेच भांडवलही असू शकते हे लोकांच्या लक्षात येत नव्हते.

रोख घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: जोडलेले बँक खाते चालू आहे का? भारतात सात वर्षे न उचललेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातो. सलग सात वर्षांचा लाभांश पडून राहिला तर शेअरसुद्धा तिकडे जातात. परत मिळवता येतात, पण कागदपत्रांचा ढीग लागतो.

३. प्रत्येक शेअरला एकच प्रश्न विचारा

आज ही रक्कम माझ्या हातात रोख असती, तर मी आजच्या भावाने हाच शेअर घेतला असता का?

सगळी मदार या प्रश्नावर आहे. उत्तर ‘हो’ असेल तर पुनर्गुंतवणूक. ‘नाही’ असेल तर रोख, आणि लगेच दुसरा प्रश्न: ती रोख कुठे जाणार?

इथे हुशार वाचक विचारतो, घेणार नसेन तर मग आहेत ते शेअर ठेवू तरी कशाला? शंका रास्त आहे, पण धरून ठेवणे आणि आणखी घेणे यात फरक आहे. विकले तर नफ्यावर कर लागतो. शिवाय एखादी कंपनी चांगली असूनही तुमच्या एकूण गुंतवणुकीत तिचा वाटा आधीच फार मोठा झालेला असू शकतो. स्वयंचलित पुनर्गुंतवणूक हे पाहत नाही. ती त्याच टोपलीत आणखी अंडी ठेवत जाते. तुम्ही ज्या कंपनीत नोकरी करता तिचेच शेअर जवळ असतील, तर पगार आणि बचत एकाच जागी अडकलेली असते. अशा शेअरवर मी डोळे झाकून रोख घ्यायला सांगेन.

भाव पडत असताना पुनर्गुंतवणुकीतून जास्त शेअर येतात, हा मुद्दा नेहमी ऐकू येतो. भाव सावरणार असेल तर तो खरा आहे. धंदाच खचत असेल तर? जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिमाही लाभांश २४ सेंटवरून १२ वर आणला आणि पुढच्या वर्षी १ सेंटवर. त्या काळात भावही कोसळत होता. पुनर्गुंतवणुकीवर खूण करून विसरून गेलेला माणूस खालच्या प्रत्येक पायरीवर निमूटपणे आणखी शेअर घेत राहिला असता.

याच कारणाने फार मोठे डिव्हिडंड यील्ड दिसले की आधी शंका घ्यावी. यील्ड म्हणजे लाभांश भागिले भाव. भाव निम्म्यावर आला की तोच जुना लाभांश दुप्पट यील्ड दाखवतो, आणि त्याच सुमारास कंपनी लाभांशाला कात्री लावायच्या विचारात असते. कंपनी नफ्यातला किती भाग वाटते आणि त्यासाठी कर्ज तर काढत नाही ना, हे वार्षिक अहवालात पाहा.

४. पैशाची गरज कबूल करा

निवृत्त असाल आणि घरखर्च लाभांशावर चालत असेल, तर रोख घ्या. त्यात कमीपणा काही नाही. तरुण आहात, पगार चालू आहे, पैशाची घाई नाही, तर तो कामाला लावा.

मधल्या लोकांसाठी स्वभावाचा मुद्दा येतो. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८४ मध्ये मांडले की लोकांना रोख लाभांश आवडतो, कारण त्यातून खर्चाला एक आपोआप मर्यादा पडते: लाभांश खर्चायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. गणिताने पाहता लागेल तेव्हा थोडे शेअर विकणे आणि लाभांश घेणे जवळपास सारखेच. पण एकदा विकायला सुरुवात केली की हात आखडत नाही, हे स्वतःबद्दल माहीत असेल तर रोख लाभांश ही शहाणी निवड आहे.

मात्र लाभांश म्हणजे पेन्शन नाही. शेल या तेल कंपनीने एप्रिल २०२० मध्ये लाभांश कापला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी नियामकाच्या सांगण्यावरून लाभांश थांबवले. खर्च लाभांशावर चालवायचा असेल तर निदान वर्षभराची गरज वेगळ्या सुरक्षित जागी ठेवा, आणि ही मिळकत दोन-तीन कंपन्यांवर अवलंबून ठेवू नका.

५. आकडे मांडा, पण तुलना सरळ करा

पुनर्गुंतवणुकीच्या जाहिरातीत दोन रेषांचा आलेख असतो. एक उंच जाते, दुसरी मागे राहते. तो आलेख स्वतःच करून पाहू.

१०,००० गुंतवले. भाव दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो आणि वर्षाच्या सुरुवातीच्या भावावर ४ टक्के लाभांश मिळतो, असे धरू. वीस वर्षांनी:

- सगळा लाभांश त्याच शेअरमध्ये घातला तर सुमारे ५६,०४०
- लाभांश रोख घेऊन तसाच पडू दिला तर शेअर २६,५३० आणि रोख १३,२३०, मिळून सुमारे ३९,७६०

फरक डोळ्यात भरतो. पण तो कशाचा आहे? दुसऱ्या ओळीतली रोख वीस वर्षे शून्य परताव्यावर बसून आहे. तीच रोख तुम्ही दुसऱ्या एखाद्या शेअरमध्ये किंवा फंडात घातली असती आणि तिथे वर्षाला ९ टक्के मिळाले असते, तर तिथेही बेरीज ५६,०४० च आली असती. म्हणजे हा आलेख कामाला लावलेल्या आणि निजलेल्या पैशाची तुलना दाखवतो. त्याच शेअरमध्ये पुन्हा घालणे श्रेष्ठ, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता लाभांशावर ३० टक्के कर धरा. पुनर्गुंतवणुकीचे ५६,०४० उतरून सुमारे ४४,९०० होतात. रोखीची ओळ सुमारे ३५,८०० वर येते. कराचा घाव चक्रवाढीवर किती खोल बसतो ते इथे दिसते, आणि जाहिरातीत ही ओळ नसते.

निर्देशांकाशी तुलना करतानाही जपून. वर्तमानपत्रात दिसणारे बहुतेक निर्देशांक फक्त भाव मोजतात. जर्मनीचा डॅक्स मात्र लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढला जातो. एकाची उंची दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजू नका. ‘टोटल रिटर्न’, म्हणजे लाभांश धरून काढलेली, आवृत्ती शोधा.

६. कर: पुनर्गुंतवणूक केली म्हणून सुटका नाही

हा सर्वात महाग पडणारा गैरसमज. ‘पैसे हातात आलेच नाहीत, मग कर कसला?’ बहुतेक देशांत लाभांश जमा झाला त्या वर्षी तो उत्पन्न ठरतो, मग तुम्ही त्याचे काहीही करा.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्याच्या (स्लॅबच्या) दराने कर लागतो. निवासी व्यक्तीला एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांवर लाभांश मिळाला तर १० टक्के टीडीएस कापला जातो; ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० होती. टीडीएस कापला म्हणजे कर संपला असे नाही, वरच्या टप्प्यात असाल तर उरलेला भरावा लागतो. अमेरिकेत ठरावीक अटी पाळणाऱ्या लाभांशाला ०, १५ किंवा २० टक्क्यांचा सवलतीचा दर आहे. ब्रिटनमध्ये २०२४-२५ पासून करमुक्त लाभांशाची मर्यादा ५०० पौंड आहे, पण आयएसए या करमुक्त गुंतवणूक खात्यातल्या लाभांशावर कर नाही. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये व्यक्तीला लाभांशावर कर नाही.

यातून एक कामाचा नियम निघतो: करमुक्त किंवा करसवलतीच्या खात्यातल्या शेअरवर पुनर्गुंतवणूक, साध्या खात्यातल्या शेअरवर निदान कराइतकी रोख.

परदेशी शेअर असतील तर त्या देशाचा कर बहुधा आधीच कापून येतो. अमेरिकी शेअरवर परदेशी व्यक्तीचा ३० टक्के कापला जातो. भारतातल्या निवासी व्यक्तीने डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असे कळवणारा) अर्ज भरला असेल तर दोन देशांमधल्या करारानुसार २५. हा अर्ज सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर संपतो, ब्रोकर आठवण करेलच असे नाही. पुनर्गुंतवणूक हा कर वजा होऊन उरलेल्या रकमेचीच होते, घरचा कर मात्र पूर्ण लाभांशावर मोजायचा असतो.

७. खर्च तपासा

ही पायरी छोटी. स्वयंचलित योजनेत शुल्क नसेल तर पुढे जा. हाताने खरेदी करत असाल तर प्रत्येक व्यवहाराचा ठरावीक खर्च पाहा. ४०० चा लाभांश गुंतवायला २० लागत असतील, तर ५ टक्के दारातच गेले. माझा ढोबळ नियम असा: खर्च रकमेच्या एक टक्क्याच्या वर जात असेल तर लाभांश साठू द्यायचा आणि पुरेसा झाला की एकदम खरेदी करायची.

८. मधला मार्ग

दोनच पर्याय आहेत असे कुणी सांगितले? बऱ्याच योजनांत लाभांशाचा काही भाग रोख आणि काही शेअरमध्ये घेता येतो. मला त्याहून आवडते ते असे: सर्व शेअरचा लाभांश रोख एका ठिकाणी गोळा करायचा आणि तिमाहीतून एकदा, गुंतवणुकीचा जो भाग ठरलेल्या प्रमाणापेक्षा मागे पडला असेल तिथे घालायचा. काही न विकता, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा करही न लागता, प्रमाण बरेचसे जागेवर येते.

याची अट एकच: तारीख ठरलेली हवी. नाहीतर रोख पडून राहते आणि तुम्ही नकळत पाचव्या पायरीतल्या खालच्या ओळीत जाऊन बसता.

९. पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा

प्रत्येक पुनर्गुंतवणूक ही स्वतंत्र खरेदी आहे. तिची तारीख वेगळी, भाव वेगळा, आणि नफ्यावरच्या करासाठी पाहिला जाणारा दीर्घ मुदतीचा काळही त्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. तिमाही लाभांश देणारा एक शेअर दहा वर्षे ठेवला तर चाळीस छोट्या खरेद्या होतात.

स्प्रेडशीटमध्ये एवढे रकाने पुरेत: एक्स-डेट, जमा तारीख, एकूण लाभांश, कापलेला कर, खरेदीचा भाव, मिळालेली संख्या. ब्रोकर बदललात तर जुन्या नोंदी नव्याकडे पूर्ण पोहोचतीलच याची खात्री नसते, म्हणून खाते बंद करण्याआधी सगळे उतरवून घ्या.

नोंद नसली की दोनदा कर भरला जातो. समजा मूळ खरेदी १०,००० ची आणि पुनर्गुंतवलेले लाभांश ३,००० चे. विकताना खरेदीची किंमत १३,००० धरायची. ज्या ३,००० वर लाभांश म्हणून कर भरून झाला आहे, ते किमतीत धरले नाहीत तर त्यांच्यावर नफा म्हणून पुन्हा कर बसतो.

१०. निवड बदलताना आणि विकताना

सेटिंग बदलायचे तर एक्स-डेटच्या पुरेसे आधी बदला. काही ठिकाणी रेकॉर्ड डेटनंतर केलेला बदल पुढच्या लाभांशापासून लागू होतो.

तोट्यात थोडे शेअर विकून तो तोटा करासाठी दाखवायचा असेल, तर पुनर्गुंतवणूक आधी थांबवा. अमेरिकेत विक्रीच्या आधी किंवा नंतरच्या ३० दिवसांत तोच शेअर घेतला तर तेवढ्या शेअरचा तोटा त्या वेळी मान्य होत नाही, आणि लाभांशातून आपोआप झालेली खरेदीही त्यात धरली जाते. कॅनडात असाच नियम आहे; ब्रिटनमध्येही मिळताजुळता आहे, पण तिथे विक्रीनंतरचेच ३० दिवस धरतात.

सगळेच शेअर विकून मोकळे व्हायचे असेल तरी हेच करा. एक्स-डेटनंतर विकलेत तर लाभांश तुमचाच असतो आणि तो काही दिवसांनी जमा होतो. पुनर्गुंतवणूक चालू राहिली असेल तर त्यातून शेअरचा एखादा अपूर्णांक रिकाम्या खात्यात परत येऊ शकतो. तो विकायला आणखी एक व्यवहार आणि विवरणपत्रात आणखी एक ओळ.